त्याची अशेरा : पाच अक्षरांत उरलेली देवी

सिनाई द्वीपकल्पाच्या ईशान्य भागात, वाळवंटातील जुन्या वाटांच्या कडेला कुंतिलत अज्रुद नावाची एक एकाकी टेकडी आहे. पायथ्याशी उथळ विहिरी, वर दगडी भिंतींचे अवशेष, आणि चहूबाजूंना मैलोगणती ओसाड प्रदेश. १९७५ आणि १९७६ या दोन वर्षांत तेल अवीव विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ झेव मेशेल यांनी येथे तीन लहान हंगामांत उत्खनन केले. टेकडीवरील इमारत फार काळ वापरात नव्हती. एखादी पिढी, फार तर दोन. तेथे सोने सापडले नाही, राजाचे नाव सापडले नाही. सापडले ते चुन्याच्या गिलाव्याचे रंगीत तुकडे, कोरड्या हवेने जपलेली कापडाची चिरगुटे आणि जवळजवळ मीटरभर उंचीच्या दोन रांजणांची खापरे. त्या रांजणांवर कोणीतरी लाल व काळ्या शाईने चित्रे काढली होती आणि काही ओळी लिहिल्या होत्या.

लिपी प्राचीन हिब्रू, काळ साधारणपणे इ.स.पू. ८०० च्या आसपासचा. मजकूर अगदी साधा : अमुक अमुक जण म्हणतो, मी तुम्हांला याहवेचा आशीर्वाद देतो. एका रांजणावर ‘शोमरोनचा याहवे’ असे शब्द आहेत, दुसऱ्यावर ‘तेमानचा याहवे’. शोमरोन ही उत्तरेकडील इस्राएल राज्याची राजधानी; तेमान म्हणजे दक्षिण दिशा, दक्षिणेचा मुलूख. इथपर्यंत नवल वाटण्याजोगे काही नाही. परंतु दोन्ही ठिकाणी देवाच्या नावानंतर एक जोडशब्द येतो : ‘आणि त्याची अशेरा’.

या जोडशब्दावर गेली जवळजवळ पन्नास वर्षे ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले जात आहेत. ज्या देवाला पुढे ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरांनी एकमेव, अद्वितीय आणि सहचरीविना मानले, त्याच्या नावाला लागून त्याच्याच उपासकांनी एका स्त्रीलिंगी नामाचा उच्चार आशीर्वाद देताना केला होता. वृत्तपत्रांनी याचे भाषांतर ‘देवाची पत्नी सापडली’ असे करून टाकले. पुरावा खरोखर काय सांगतो, हे पाहायचे तर आधी त्या शब्दाची अक्षरे मोजावी लागतात.

शब्द पाच अक्षरांचा आहे : आलेफ, शीन, रेश, ताव, हे. प्राचीन हिब्रूत स्वर लिहीत नसत. शेवटचे ‘हे’ हे अक्षर बहुधा ‘त्याची’ हा अर्थ देणारा प्रत्यय आहे, आणि अडचण नेमकी तेथेच सुरू होते. मराठीत ‘शंकराची पार्वती’ म्हणता येते, लाडाने ‘माझी कमल’ही म्हणता येते. बायबलमधील हिब्रूत मात्र विशेषनामाला असा स्वामित्वदर्शक प्रत्यय लागत नाही. म्हणजे ‘त्याची अशेरा’ हे देवीचे नाव नसून सामान्यनाम असले पाहिजे, असा एका पक्षाचा युक्तिवाद आहे. अशेरा म्हणजे वेदीजवळ रोवलेला लाकडी खांब किंवा पवित्र वृक्ष. याहवेच्या मंदिरातील ती एक पूजावस्तू, एवढेच. दुसरा पक्ष शेजारच्या सेमिटिक भाषांतील उदाहरणे दाखवून म्हणतो की व्याकरणाचा हा नियम इतका कडक मानण्याचे कारण नाही. तिसऱ्या पक्षाच्या मते शेवटचे अक्षर प्रत्यय नसून नावाचाच भाग आहे. एका अक्षराच्या कार्यावर देवाच्या संसाराचा प्रश्न टांगलेला आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

ही अशेरा कोण, याचे उत्तर सिनाईत नाही. ते चारशे वर्षे आधीच्या आणि बऱ्याच उत्तरेकडच्या एका शहरात आहे.

१९२८ मध्ये सीरियाच्या किनाऱ्यावर शेत नांगरताना एका शेतकऱ्याचा नांगर एका जुन्या थडग्याच्या दगडाला अडला. पुढच्याच वर्षी क्लोद शेफर यांच्या नेतृत्वाखाली फ्रेंच पथकाने तेथे काम सुरू केले आणि जवळच्या रास शम्रा टेकडीखाली उगारित हे बंदराचे शहर उघडे पडले. इ.स.पू. ११८५ च्या सुमारास ते जळाले आणि पुन्हा वसले नाही. त्या आगीनेच त्याच्या मातीच्या पाट्या जपल्या. पाट्यांवरची लिपी कीलाकार होती, पण बाबिलोनी पद्धतीची शेकडो चिन्हांची नव्हे. चिन्हे केवळ तीस. एवढी कमी चिन्हे म्हणजे ही वर्णमाला असली पाहिजे, या तर्काच्या आधारे शार्ल विरोलो, हान्स बाउअर आणि एदुआर दोर्म या तिघांनी वर्षभराच्या आत ती वाचली. बाउअर यांनी तर पहिल्या महायुद्धात सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम केलेले होते. संख्याशास्त्राने प्राचीन वाङ्मयाचे दार उघडल्याचे इतके नेमके उदाहरण विरळा.

या पाट्यांवर देवांचे एक भरलेले घर आहे. कुटुंबप्रमुख एल, पांढरी दाढी, स्वभाव मवाळ, निर्णयाचा अंतिम अधिकार त्याचा. त्याची सहचरी अथिरत. तिच्या बिरुदांत ‘सागराची स्वामिनी अथिरत’ आणि ‘देवांची जननी’ ही वारंवार येतात, आणि तिच्या पुत्रांची संख्या सत्तर सांगितली आहे. हिब्रूतील अशेरा आणि उगारितमधील अथिरत ही एकाच नावाची दोन भाषांतील रूपे आहेत; उगारिती ‘थ’च्या जागी हिब्रूत ‘श’ येतो, हा ध्वनिनियम इतरही अनेक शब्दांत दिसतो.

अथिरत नुसती शोभेची पट्टराणी नाही. पर्जन्यदेव बाल याला स्वतःचा राजवाडा हवा असतो. पण एलकडे थेट मागण्याची सोय नाही. तेव्हा बाल आणि त्याची लढवय्यी बहीण अनात भेटवस्तू घेऊन अथिरतकडे जातात. ती समुद्रकिनारी आहे, हातात चाती आहे, वस्त्रे धुण्याचे काम चालू आहे. दुरून येणारी ती दोघे पाहून तिला धडकी भरते : आपल्या मुलांना मारायला तर ही येत नाहीत? नंतर चांदीसोन्याची चमक दिसते आणि ती शांत होते. गाढवावर खोगीर चढवून ती एलच्या निवासस्थानी जाते. तिला पाहताच म्हातारा देव हसतो, खाण्यापिण्याची विचारपूस करतो आणि मागणी मान्य करतो. राजदरबारांत ज्येष्ठ राणीची जी मध्यस्थाची भूमिका असते, तीच येथे देवलोकात दिसते.

दुसऱ्या एका आख्यानात किर्ता नावाचा राजा वधू आणण्यासाठी निघालेला असताना वाटेत सोर येथील अथिरतच्या स्थानी नवस बोलतो : हुराया माझ्या घरी आली तर तिच्या वजनाच्या दुप्पट चांदी आणि तिप्पट सोने देईन. हुराया येते, मुले होतात, आणि राजा नवस विसरतो. अथिरत विसरत नाही. राजा मरणपंथाला लागतो. नवस फेडण्याचे महत्त्व ज्या समाजाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही, त्या समाजातील वाचकाला हा प्रसंग परका वाटू नये. मात्र येथे एक सावधगिरी हवी. भारतीय वाचकाच्या मनात शिवशक्ती, लक्ष्मीनारायण अशा जोड्या सहज उभ्या राहतात आणि अथिरतला त्या साच्यात बसवण्याचा मोह होतो. साच्यात बसवले की मूळ आकार दिसेनासा होतो. उगारितमध्ये पुरुष आणि प्रकृती यांचे तत्त्वज्ञान नाही. तेथे एक घराणे आहे, त्याची मालमत्ता आहे, वारस आहेत आणि रुसवेफुगवे आहेत.

देवांचे विवाह पश्चिम आशियात राज्यकारभाराचाही भाग होते. अश्शूर या देवाचे उदाहरण बोलके आहे. तो मुळात अश्शूर या शहराचाच, त्याच्या खडकाळ उंचवट्याचा देव. त्याला ना वंशावळ होती ना पत्नी. अश्शूरी साम्राज्य वाढले आणि त्याची तुलना दक्षिणेतील देवराज एन्लिलशी होऊ लागली, तेव्हा एन्लिलची पत्नी निन्लिल हिलाच मुल्लिस्सू या नावाने अश्शूरच्या शेजारी बसवण्यात आले. पद बदलले की पदासोबतची पत्नीही मिळाली. स्वतः अथिरतचेही असेच स्थलांतर दिसते. बाबिलोनी लेखांत ती अश्रतुम म्हणून येते आणि तिचा पती अमुर्रू हा भटक्या पश्चिमी जमातींचा देव असतो. अनातोलियात हित्ती भाषेतील एका कथेत एल्कुनिर्शा आणि अशेर्तू हे दांपत्य आहे. एल्कुनिर्शा हे नाव म्हणजे ‘पृथ्वीचा निर्माता एल’ या सेमिटिक बिरुदाचे हित्ती जिभेवर झालेले रूप. त्या कथेत अशेर्तू पर्जन्यदेवाला वश करू पाहते, तो नकार देतो आणि नवऱ्याकडे चुगली करतो. नाव तेच, घर बदललेले.

मग एलची पत्नी याहवेच्या शेजारी कशी आली? यावर सर्वांत पटण्याजोगे उत्तर असे आहे की इस्राएलमध्ये एल आणि याहवे हे दोन देव कालौघात एक झाले. बायबलमध्ये बालवर जहरी टीका आहे. एलवर कोठेही नाही, उलट एल हे याहवेचेच नाव म्हणून वापरले आहे. ‘इस्राएल’ या नावातही एलच आहे, याहवे नाही. एलचे सिंहासन, त्याचे वार्धक्य, त्याची देवसभा हे सारे याहवेकडे आले. तेव्हा त्याची सहचरीही वारशात आली असेल, तर ते मुल्लिस्सूच्या उदाहरणाशी सुसंगतच ठरते.

कुंतिलत अज्रुदच्या रांजणावरील चित्रांमुळे मात्र हा प्रश्न सोपा होण्याऐवजी बिघडला. ‘शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा’ या ओळीच्या लगेच खाली दोन विचित्र आकृती उभ्या आहेत : पिसांचे मुकुट, कंबरेवर हात, पशूसारखे चेहरे. शेजारी एक वीणावादक बसलेला. लोकप्रिय पुस्तकांनी ही जोडी म्हणजे याहवे आणि त्याची पत्नी असे छापून टाकले. परंतु १९८२ मध्ये पिर्हिया बेक यांनी चित्रांचा बारकाईने अभ्यास करून दाखवले की या आकृती इजिप्तमधील बेस या ठेंगण्या संरक्षक देवाच्या घडणीच्या आहेत आणि रांजणावर एकाहून अधिक हातांनी काम केलेले आहे. लेखाची ओळ एका आकृतीच्या मुकुटावरून गेलेली आहे. चित्राखाली मथळा लिहिणारा असे करत नाही. जवळजवळ असणे म्हणजे संबंध असणे नव्हे, हा प्रयोगशाळेतील पहिला धडा येथेही लागू पडतो.

खरे महत्त्वाचे चित्र त्याच रांजणाच्या दुसऱ्या बाजूला आहे आणि ते बातम्यांत क्वचितच येते. एक शैलीबद्ध वृक्ष, त्याच्या दोन्ही बाजूंना पाने खाण्यासाठी उभे राहिलेले रानबोकड, आणि खाली चालणारा सिंह. या चित्राची किल्ली लाखीश येथे १९३४ मध्ये सापडलेल्या इ.स.पू. तेराव्या शतकातील एका सुरईवर आहे. त्या सुरईच्या खांद्यावर एक अर्पणलेख आहे : अमुक वस्तू ‘माझ्या स्वामिनीला, एलतला’ भेट. एलत म्हणजे ‘देवी’. उगारितमध्ये हे अथिरतचे बिरुद आहे. रूथ हेस्ट्रिन यांनी लक्षात आणून दिले की सुरईवर रानबोकडांच्या मधोमध वृक्ष काढला आहे आणि ‘एलत’ हा शब्द नेमका त्या वृक्षाच्या माथ्यावर येतो. तआनख येथे १९६८ मध्ये पॉल लॅप यांना सापडलेली इ.स.पू. दहाव्या शतकातील मातीची चौमजली पूजाघडवंची याच दुव्याला पुढे नेते. तळाच्या थरात एक नग्न स्त्री दोन सिंहांचे कान धरून उभी आहे. एक थर सोडून वर पाहिले तर पुन्हा तसेच दोन सिंह आहेत. पण स्त्रीच्या जागी वृक्ष आहे आणि त्याला दोन्हीकडून बोकड भिडलेले आहेत. कुंभाराने स्त्री आणि वृक्ष एकमेकांच्या जागी ठेवले आहेत.

हे ध्यानात घेतले की ‘देवी की लाकडी खांब’ हा वाद बराचसा निष्फळ वाटू लागतो. व्याकरण खांबाच्या बाजूने असेलही. पण खांब कोणाचा, हे त्या काळच्या माणसाला विचारावे लागत नसणार. शिवाय सेमिटिक जगात देवीला देवाचा पैलू म्हणून संबोधण्याची रीत होती. उगारितमध्ये अश्तर्तला ‘बालचे नाव’ म्हटले आहे. पुढे कार्थेजमध्ये तानित ‘बालचे मुख’ झाली, आणि तेथील हजारो नवसलेखांत तिचे नाव बाल हम्मोनच्या आधी येते. ‘त्याची अशेरा’ ही शब्दयोजना या पंक्तीत सहज बसते.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्या रांजणावरील मजकूर पत्राच्या मायन्याच्या धाटणीचा आहे आणि त्याच रांजणावर वर्णमालेच्या ओळीही गिरवलेल्या आहेत. कोणीतरी बहुधा लेखनाचा सराव करत होते. जुन्या मराठी पत्रांत ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ लिहिताना लेखक जसा काही सिद्धान्त मांडत नसतो, तसेच हे. नेमके म्हणूनच हा पुरावा वजनदार आहे. येथे कोणी बंडखोर नव्या पंथाची घोषणा करत नाही. शिकाऊ हात रोजच्या वापरातला मायना घोटवत आहे.

ही एकाच टेकडीवरची लहर नव्हे, हे १९६७ मध्येच हेब्रोनच्या पश्चिमेला खिर्बेत एल-कोम येथील थडग्यात सापडलेल्या लेखावरून दिसते. विल्यम डेव्हर यांच्या हाती आलेला हा दगड इ.स.पू. आठव्या शतकाच्या उत्तरार्धातला. उरियाहू नावाच्या माणसासाठी याहवेचा आशीर्वाद मागितला आहे, खाली हाताचा पंजा कोरला आहे, आणि त्यात ‘त्याच्या अशेरे’चाही उल्लेख आहे. दगड मुळात ओबडधोबड, काही अक्षरे दोनदा ओरखडलेली. त्यामुळे वाक्यरचनेवर एकमत नाही, पण शब्द आहे याबद्दल फारसा वाद नाही. उरियाहू हे नाव दक्षिणेकडील यहूदा राज्याच्या पद्धतीचे. ‘-याहू’ हा तेथील अंत्यप्रत्यय. अज्रुदच्या लेखांत मात्र उत्तरेकडचा ‘-यौ’ दिसतो. म्हणजे दोन्ही राज्यांत हा जोडशब्द ओठांवर होता.

अज्रुदचे रांजण स्वतः कोठले, याचे उत्तर अणुभौतिकीने दिले. गुन्नेवेग, पर्लमन आणि मेशेल यांनी १९८५ मध्ये न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पद्धत अशी : खापराची चिमूटभर पूड अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवायची. काही अणुकेंद्रके न्यूट्रॉन गिळून किरणोत्सारी होतात आणि आपापल्या ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण सोडू लागतात. उदाहरणार्थ, मातीतील स्कँडियम-४५ चे स्कँडियम-४६ होते. त्याचा अर्धायुष्यकाळ सुमारे ८४ दिवस, आणि त्याचे ८८९ व ११२१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण चुकण्याजोगे नसतात. अशी डझनावारी मूलद्रव्ये दशलक्षात काही भाग इतक्या सूक्ष्म प्रमाणात मोजली की मातीचा ठसा तयार होतो, आणि तो ज्ञात ठिकाणांच्या मातीशी ताडता येतो. ही पद्धत इझाडोर पर्लमन आणि फ्रँक असारो यांनी बर्कली येथे पुरातत्त्वासाठी घडवली. याच असारो यांच्या मोजणीतून पुढे डायनोसॉरांच्या अंताशी निगडित असलेल्या इरिडियमच्या थराचा शोध लागला. अज्रुदच्या बाबतीत निकाल असा निघाला की कोणतेच भांडे त्या जागी बनलेले नव्हते, आणि दोन्ही रांजण जेरुसलेम परिसरातील मातीचे होते. उत्तरेकडची नावे, दक्षिणेकडची माती, आणि दोहोंपासून दूर वाळवंटातील मुक्काम.

काळ ठरवण्याचे काम कार्बन-१४ ने करावे, अशी अपेक्षा असते. भारतात टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० च्या दशकात हडप्पा संस्कृतीच्या नमुन्यांचे कालमापन केले, तेव्हापासून ही पद्धत येथील वाचकांच्या परिचयाची आहे. परंतु इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात ती जवळजवळ आंधळी होते. त्या शतकांत वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण हळूहळू घसरत गेले. जुन्या लाकडात सुरुवातीला कार्बन-१४ जास्त होता पण त्याचा क्षय अधिक काळ झाला. नव्या लाकडात मुळातच कमी होता आणि क्षयही कमी झाला. आज दोन्ही सारखीच मोजली जातात. अंशशोधन वक्राच्या या सपाट पट्ट्याला हालश्टाट पठार म्हणतात, आणि यहूदाच्या धार्मिक इतिहासातील सर्वांत कळीची शतके नेमकी त्यावर येतात. अज्रुद सुदैवाने पठाराच्या उंबरठ्यावर, वक्राच्या तीव्र उतारापाशी येते. त्यानंतरच्या शतकांसाठी मार्ग अलीकडेच थोडा रुंदावला : वाइझमन संस्थेच्या एलिझाबेत्ता बोआरेत्तो आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये जेरुसलेममधील शंभराहून अधिक मोजण्या वृक्षवलयांच्या आधारे ताडून या पठाराचे बारीक चढउतार वाचून दाखवले.

बायबलच्या आपल्या कथनात अशेरा पराभूत आहे. हा शब्द हिब्रू बायबलमध्ये सुमारे चाळीस वेळा येतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी काहीतरी तोडले, जाळले किंवा उपटले जात असते. पण तोडण्याच्या या नोंदींतूनच काय उभे होते ते कळते. राजमाता माका हिने अशेरेची मूर्ती केली म्हणून तिचे पद काढून घेतले गेले. राजा मनश्शेने अशेरेची प्रतिमा थेट जेरुसलेमच्या मंदिरात ठेवली. इ.स.पू. ६२२ च्या सुमारास योशिया राजाने ती बाहेर काढून किद्रोनच्या ओढ्यात जाळली, आणि जेथे स्त्रिया अशेरेसाठी वस्त्रे विणत त्या मंदिरातील खोल्या पाडल्या. मंदिराच्या आवारात विणकरणींची कायमची जागा होती, हे विरोधकाच्या लेखणीतून आलेले असल्यामुळेच अधिक विश्वसनीय ठरते. उगारितच्या अथिरतच्या हातातील चाती येथे आठवल्याखेरीज राहत नाही.

यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील एक प्रसंग याहूनही जिवंत आहे. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास जेरुसलेम पडले आणि काही लोक इजिप्तला पळाले. तेथे संदेष्टा त्यांना बजावतो की ‘स्वर्गाच्या राणी’ला धूप जाळल्यामुळेच ही आपत्ती ओढवली. त्यावर स्त्रिया त्याला तोंडावर उत्तर देतात : आमचे पूर्वज, आमचे राजे आणि आम्ही तिला धूप जाळत होतो, तेव्हा पोटभर अन्न होते, तिची उपासना थांबवली आणि तेव्हापासून तलवार आणि उपासमार मागे लागली. शिवाय तिच्यासाठी पोळ्या केल्या त्या नवऱ्यांच्या संमतीनेच. एकाच घटनेची दोन स्पष्टीकरणे, दोन्ही तत्कालीन, आणि दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद ग्रंथकाराने गाळलेला नाही. ही राणी अशेरा होती की अश्तर्त की इश्तार, हे सांगता येत नाही. उपासक कोण होते, हे मात्र स्वच्छ दिसते.

यहूदातील घराघरांतून मिळणाऱ्या मृण्मय स्त्रीमूर्तींबद्दल याहून अधिक संयम बाळगावा लागतो. खांबासारखे अंग, दोन्ही हातांनी आधार दिलेले स्तन, इ.स.पू. आठव्या आणि सातव्या शतकांतील अशा शेकडो मूर्ती सापडल्या आहेत, जेरुसलेममध्ये तर विपुल. राझ क्लेटर यांनी १९९६ मध्ये त्यांत अशेरा पाहिली. एरिन डार्बी यांनी २०१४ मध्ये त्यांना रक्षण आणि आजार निवारण्याच्या विधींतील साधने मानले. मूर्तींवर नाव नाही. नाव नसलेल्या वस्तूवर नाव चिकटवण्याची घाई न केलेली बरी.

आराद येथील किल्ल्यातील छोट्या मंदिराने मात्र जमिनीखालून एक वेगळीच साक्ष दिली. १९६० च्या दशकात योहानान अहारोनी यांच्या उत्खननात गाभाऱ्याच्या दाराशी दोन धूपवेद्या आडव्या पुरलेल्या मिळाल्या, एक ५२ सेंटीमीटर उंच, दुसरी ४०. माथ्यावर जळलेला काळा थर होता; त्या वेळच्या रासायनिक चाचण्यांतून काही निष्पन्न झाले नाही. २०२० मध्ये एरान एरी आणि सहकाऱ्यांनी तोच थर आधुनिक वर्णलेखन व वस्तुमान-वर्णपटमापनाने तपासला. मोठ्या वेदीवर प्राण्यांच्या चरबीत मिसळलेला बॉसवेलियाचा सुगंधी डिंक होता. आपल्याकडची सालई त्याच झाडाच्या नात्यातली. लहान वेदीवर जनावरांच्या शेणात मिसळलेला गांजा होता. दोन वेद्या, दोन वेगळे धूप. काहींनी यावरून लगेच दोन देवता, म्हणजे याहवे आणि अशेरा, असा निष्कर्ष काढला. रेणू काय जळले ते सांगतात. कोणासाठी जळले ते सांगत नाहीत.

देवीचे नाव नाहीसे होण्यात अग्नीइतकाच भाषांतराचाही वाटा आहे. इ.स.पू. तिसऱ्या ते दुसऱ्या शतकांत हिब्रू ग्रंथांचे ग्रीक भाषांतर झाले, तेव्हा ‘अशेरा’साठी बहुतेक ठिकाणी पवित्र उपवन या अर्थाचा शब्द योजला गेला. १६११ च्या इंग्रजी बायबलनेही तोच अर्थ घेतला. परिणामी पिढ्यान्‌पिढ्या वाचक समजत राहिले की मनश्शे राजाने मंदिरात एखादी देवराई उभारली होती. ते वाक्य विचित्र आहे हे जाणवलेले अभ्यासक होते. पण देवी म्हणून तिची ओळख ठामपणे परत मिळाली ती उगारितच्या पाट्या वाचल्यावरच.

यिर्मयाशी वाद घालणाऱ्या स्त्रियांनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, त्याच इजिप्तमध्ये, अस्वानजवळ नाईल नदीतील एलेफंटाइन बेटावर पर्शियन साम्राज्याच्या चाकरीतील ज्यू सैनिकांची वसाहत होती. त्यांचे याहूचे मंदिर इ.स.पू. ४१० मध्ये स्थानिक पुजारी आणि पर्शियन अधिकाऱ्याने मिळून पाडले. त्यांनी जेरुसलेमच्या मुख्य पुरोहिताला पत्र पाठवले. उत्तर आले नाही. मग इ.स.पू. ४०७ मध्ये यहूदाच्या पर्शियन सुभेदाराकडे अर्ज केला. हे सारे अरामी भाषेतील पपायरसांवर टिकून आहे. त्याच कागदांत एका खटल्यातील शपथ ‘अनात-याहू’ या नावाने घेतलेली आढळते. आणि एक लांबलचक वर्गणीची यादी आहे. तिच्या शीर्षकात याहू देवासाठी चांदी देणाऱ्यांची नावे असे म्हटले आहे. पुढे स्त्रीपुरुषांची नावे, प्रत्येकी दोन शेकेल. शेवटी हिशेब मांडला आहे. याहूसाठी १२ कर्श ६ शेकेल, एशेम-बेथेलसाठी ७ कर्श, आणि अनात-बेथेल या देवीसाठी १२ कर्श. दहा शेकेलांचा एक कर्श. म्हणजे देवाचे १२६ शेकेल आणि देवीचे १२०.